इतिहासात बीए: फायद्या-तोट्याचा हिशेब कसा मांडायचा

इतिहासाची पदवी मुळात स्वस्त असते. खिसा रिकामा होतो तो पदवीनंतरच्या, शेवटची तारीख न ठरवलेल्या वर्षांत. म्हणून प्रवेश अर्ज भरण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि दोन्ही खर्च वेगवेगळे लिहा.

पदवीचा खरा खर्च

रकाने चार: फी, पुस्तकं आणि प्रवास, राहण्या-जेवण्याचा वाढीव खर्च, आणि या काळात बुडणारा पगार. चौथा रकाना बहुतेक घरांत लिहिलाच जात नाही, आणि सगळ्यात मोठा आकडा तोच असतो. तिसऱ्या रकान्यात फक्त वाढीव खर्च धरा. घरी राहूनही जेवण लागलंच असतं, तेवढं मेसच्या बिलातून वजा करा.

एक नमुना पाहा. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे घाला. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात तीन वर्षांची फी 24,000, पुस्तकं 9,000, एसटीचा पास आणि किरकोळ खर्च 30,000. बारावीनंतर दुकानात किंवा कंपनीत 12,000 मिळाले असते. त्याऐवजी सकाळचं कॉलेज करून दुपारी 5,000 चं काम केलं, तर महिन्याला 7,000 बुडाले, 36 महिन्यांत 2,52,000. एकूण 3,15,000. हीच पदवी पुण्यात राहून केली, वाढीव खर्च महिन्याला 9,000 धरला (वर्षाचे 10 महिने) आणि काम काहीच केलं नाही, तर बेरीज 7,35,000 वर जाते. पदवी तीच, विद्यापीठही कदाचित तेच.

आता परतावा. पदवीमुळे पगारात महिन्याला 4,000 ची भर पडली, तर पहिला खर्च साडेसहा वर्षांत वसूल होतो, दुसऱ्याला पंधरा वर्षांहून जास्त लागतात. इथे तुलना कोणाशी करायची ते नीट बघा. बारावीनंतर लगेच कामाला लागलेल्या मित्राचा आजचा पगार, म्हणजे तीन वर्षांच्या अनुभवासकटचा, समोर ठेवायचा. त्याचा पहिल्या महिन्याचा पगार धरला की पदवी उगाचच फायद्याची दिसते.

प्रवेश घेताना कार्यालयात एकच प्रश्न विचारा: ही तुकडी अनुदानित आहे का? एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात आणि फीत मोठा फरक पडतो. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधार दुसऱ्याच बँक खात्याला जोडलेलं असणं. शिष्यवृत्ती आधार-संलग्न खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. पहिल्याच सत्रात बँकेत जाऊन खात्री करा.

पदवीसोबत विकता येईल असं एक कौशल्य

नुसत्या बीएला बाजारात भाव कमी आहे, हे कडू असलं तरी खरं. बँक, कर्मचारी निवड आयोग, तीन वर्षांची एलएलबी, या सगळ्यांना पदवी लागते, पण ती इतिहासाचीच हवी असं नाही. इतिहासाच्याच विद्यार्थ्याला पुढे नेणारं हातातलं काम वेगळं, आणि महाराष्ट्रात त्यात पहिला नंबर जुनी मोडी लिपी वाचण्याचा.

जुने जमीन दस्त, वतनाची कागदपत्रं, शाळांची आणि गावची जुनी रजिस्टरं यांत मोडी ठिकठिकाणी सापडते. जात पडताळणीत जुन्या नोंदीला वजन असतं, कारण मानीव तारखा, म्हणजे ज्या दिवसाआधीचा पुरावा लागतो ते दिवस, ठरलेल्या आहेत: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची टंचाई सगळ्यांच्या लक्षात आली.

शिकायला पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग आहेत, पुण्यात 1910 मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पण वर्ग संपला म्हणजे मोडी आली असं नाही. वर्गात छापील किंवा सुबक वळणाचा कागद असतो. दप्तरातला कागद वेगळाच. आधी ओळभर शिरोरेषा ओढलेली, तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली अक्षरं, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. आधी एकाच लेखनिकाच्या हातचे पाचपन्नास कागद वाचा, मग हात बदला. आडनावं, गावांची नावं आणि आकडे वेगळ्या वहीत उतरवून ठेवा, कारण चूक तिथेच होते आणि त्याच चुकीपायी अर्जदाराचं प्रकरण अडकतं. न लागलेल्या अक्षराच्या जागी अंदाजाने शब्द घालू नका; तिथे टिंबं द्या.

तारखा बदलण्याचा हिशेब पाठच हवा. इसवी सन काढायला शक वर्षात साधारण 78 मिळवा. जुन्या कागदांतले फसली आणि शुहूर सन मृगापासून, म्हणजे जूनपासून बदलतात. त्यामुळे जून ते डिसेंबर फसलीत 590 मिळवायचे, जानेवारी ते मेअखेर 591. शुहूर सनात 599 आणि 600. महिना न पाहता बेरीज केली की एका वर्षाची चूक ठरलेली.

दुसरं काम मार्गदर्शकाचं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले. 11 महाराष्ट्रात, बारावा तमिळनाडूतला जिंजी. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा पर्यटक सुविधादाता प्रमाणपत्र अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो. मात्र उत्पन्न हंगामी असतं. पावसाळ्यातले महिने हिशेबात कोरे धरा. इंग्रजी किंवा दुसरी परदेशी भाषा येत असेल तरच हा मुख्य व्यवसाय करा, एरवी जोडधंदा ठीक.

संग्रहालयाकडे कल असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पदव्युत्तर डिप्लोमा बघा. उत्खननाकडे असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज.

शिक्षकी आणि प्राध्यापकी

शाळेसाठी बीएनंतर दोन वर्षांचं बीएड आणि टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी). पहिली ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) वेगळी. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून लेखी परीक्षा फक्त 40 गुणांची, म्हणजे आठवड्याच्या तासिकाही थोड्या. नुसता इतिहास शिकवणारा शिक्षक शाळेला परवडत नाही. बीएडला दुसरी अध्यापन पद्धत मराठी किंवा इंग्रजी घेतलेली बरी.

कॉलेजात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 आहे. हा आकडा पाहून एमएला गर्दी होते, पण कायम जागा थोड्या. बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते आणि त्यात सुट्टीचे पैसे नसतात. म्हणून प्राध्यापकीची पात्रता देणाऱ्या नुसत्या नेट परीक्षेवर समाधान मानू नका, तिच्यातूनच मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती गाठा. पहिली दोन वर्षं महिना 37,000, म्हणजे 8,88,000, घरभाडं वेगळं, नंतर 42,000. वर मांडलेला पुण्याचा महागडा खर्चसुद्धा एवढ्यातच फिटतो. अट अशी: एमएला खुल्या गटात 55 टक्के, आणि 54.9 चे 55 करून मिळत नाहीत. वयोमर्यादा 30, राखीव गटांना आणि महिलांना सवलत. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी झाली असेल तर एमए न करताही जेआरएफसाठी बसता येतं. दोन्ही पेपर मिळून 150 प्रश्न, तीन तास, उणे गुण नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

स्पर्धा परीक्षा: आधी मुदत, मग तयारी

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषयाचे 500 गुण आहेत आणि 2025 पासून राज्यसेवाही त्याच वर्णनात्मक वळणावर गेली आहे. इतिहास घेतल्यास बीएचा अभ्यास वाया जात नाही. यूपीएससीच्या इतिहास वैकल्पिकाच्या पहिल्या पेपरात नकाशावर 20 स्थळं ओळखायची असतात, त्यांनाच 50 गुण. कोरा नकाशा पदवीच्या पहिल्या वर्षापासून भरायला घेतला तर हे गुण सगळ्यात स्वस्तात मिळतात.

पण किंमत बघा. खोली, मेस, अभ्यासिका मिळून 12,000 आणि बुडालेला पगार 15,000 धरला, तर दोन वर्षांचे 6,48,000 होतात. गावात केलेल्या पदवीच्या दुपटीहून जास्त. खुल्या गटाला यूपीएससीच्या सहा संधी आहेत, म्हणून सहाही वापरायच्या असं नाही. किती संधी पूर्णवेळ अभ्यास करून द्यायच्या हा आकडा पुण्याची बस पकडण्याआधी घरच्यांसमोर लिहून ठेवा; एकदा पूर्वपरीक्षा दोन गुणांनी हुकली की तो ठरवता येत नाही. त्यानंतरचे प्रयत्न नोकरी करत द्या. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाची आणि विद्यावेतनाची जाहिरात पदवीच्या शेवटच्या वर्षापासूनच पाहत राहा. अर्जाची मुदत थोडे दिवसच असते आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला हाताशी नसला की ती हमखास निघून जाते.