कोयनेत उद्या किती टीएमसी येणार? लॅपटॉपवर आवकेचा अंदाज काढायची पद्धत

पावसाळा लागला की सातारा-सांगलीकडच्या ग्रुपांवर रोज सकाळी एक मेसेज फिरतो, कोयनेचा साठा इतके टीएमसी, आवक इतके क्युसेक, नवजा-कोयनानगर-महाबळेश्वरचा पाऊस इतका. हेच आकडे मागच्या पंधरा-वीस वर्षांचे एका शीटमध्ये आले तर पुढच्या एक ते तीन दिवसांच्या आवकेचा बऱ्यापैकी अंदाज साध्या लॅपटॉपवर निघतो, लॅपटॉप जुना असेल तर गुगल कोलॅब (ब्राउझरमधून गुगलच्या कॉम्प्युटरवर कोड चालवायची सोय) फुकट आहेच. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार यायला हवी, बाकी काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, यातलं मशीन लर्निंग सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात कमी वेळ खातं. खरी मेहनत धरणाचा हिशोब जुळवण्यात जाते, आणि नवीन लोक नेमकं तेच सोडून डायरेक्ट मॉडेलवर उडी मारतात.

आधी आकडेमोड हातात बसवून घ्या. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि ११,५७४ क्युसेकने सलग २४ तास पाणी आलं की १ टीएमसी भरतो. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, पाणलोट क्षेत्र साधारण ८९२ चौरस किमी. या सगळ्या क्षेत्रावर १०० मिमी पाऊस पडला आणि थेंबन् थेंब धरणात आला असं धरलं तर होतात ३.१५ टीएमसी. हा आकडा पाठच करा, कारण मॉडेल जेव्हा ५० मिमी पावसावर ४ टीएमसी सांगेल तेव्हा काहीतरी गंडलंय हे तुम्हाला कागद-पेन न घेता कळेल.

आता आवक. आवक कोणी थेट मोजत नाही, ती साठ्यावरून काढतात. समजा काल सकाळी ८ वाजता साठा ६२.४० होता, आज ६५.१०, म्हणजे वाढ २.७० टीएमसी, गुणिले ११,५७४ म्हणजे ३१,२५० क्युसेक. शिवाय पायथा वीजगृहातून दिवसभर २,१०० क्युसेक सोडलं असेल तर तेही आलेलंच पाणी होतं, ते मिळवा, झाले ३३,३५०. कोयनेत अजून एक गोष्ट आहे, वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे पोफळीच्या बाजूला जे पाणी जातं (कृष्णा पाणीवाटप लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलीय) तेही मिळवावं लागतं, सांडव्याचे वक्राकार दरवाजे उघडे असतील तर तो विसर्गही, आणि बाष्पीभवन. पावसाळ्यात बाष्पीभवन सोडलं तरी चालतं, मार्च-एप्रिलमध्ये नाही चालत.

हा हिशोब केला की उन्हाळ्यात काही दिवस आवक चक्क मायनसमध्ये येईल. घाबरू नका. धरण भरलेलं असताना पाण्याचा पसारा जवळपास ११५ चौरस किमी असतो, तिथे पातळी वाचताना एक इंच जरी इकडेतिकडे झाला तरी साठ्यात ०.१ टीएमसीचा फरक पडतो, म्हणजे दिवसाला जवळपास १,२०० क्युसेक, आणि वाऱ्याने लाटा असल्या की एक इंच म्हणजे काहीच नाही. म्हणून कोरड्या दिवसांत तीन दिवसांची सरासरी घ्या. भर पावसाळ्यात मात्र सरासरी घेऊ नका, पुराचा शेंडाच कापला जाईल.

पावसाचा डेटा. हवामान खात्याचा ०.२५ अंशाच्या चौकटींचा रोजचा पाऊस १९०१ पासून मिळतो, पायथनमध्ये आयएमडीलिब नावाचं पॅकेज आहे ते फाइल उतरवून उघडूनही देतं. जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९ असतो, तो आधी काढा नाहीतर सरासरीचा बट्ट्याबोळ. अडचण अशी की एक चौकट साधारण २७ किमीची, आणि घाटात २७ किमीत जग बदलतं, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर आणि खाली वाईत त्याच्या पाव हिस्साही नाही. त्यामुळे चौकटीच्या डेटासोबत नवजा, कोयनानगर, महाबळेश्वर या तीन ठिकाणांचे आकडे वेगवेगळे कॉलम म्हणून ठेवा, सरासरी काढून एक करू नका. आयमर्गसारखा (नासाचा) उपग्रहाचा डेटा जास्त बारीक आहे पण घाटमाथ्यावरचा पाऊस तो कमी दाखवतो, तेव्हा त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका.

आणि तारखा! इथे सगळ्यात जास्त मॉडेल फसतात. हवामान खात्याचा २३ जुलैचा पाऊस म्हणजे २२ च्या सकाळी साडेआठपासून २३ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. तुम्ही आवक २२ तारखेच्या नावाने लिहिली आणि पाऊस २३ च्या, तर पाणी आधी आलं आणि पाऊस नंतर पडला असं मॉडेल शिकणार. उपग्रहाचा डेटा जागतिक वेळेत असतो, तिथे आपले साडेआठ म्हणजे पहाटेचे तीन, बेरीज तीन ते तीन करायची. तपासायला सोपी युक्ती आहे, पावसाचा कॉलम एक-एक दिवस मागेपुढे सरकवून आवकेशी कोरिलेशन (दोन्ही आकडे किती सोबत वरखाली होतात ते) बघा, कोयनेचं पाणलोट लहान आणि उताराचं आहे त्यामुळे सगळ्यात जास्त कोरिलेशन त्याच दिवशी किंवा एक दिवसाने यायला हवं. आवक पावसाच्या आधी येताना दिसली की तारखा चुकल्यात.

यानंतर जमिनीचा ओलावा. जूनचा १०० मिमी आणि ऑगस्टचा १०० मिमी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, सुरुवातीला माती पिते, नंतर सगळं वाहतं. यासाठी कर्व्ह नंबरची जुनी अमेरिकन पद्धत एक्सेलमध्येही बसते, हा नंबर जितका १०० च्या जवळ तितकं जास्त पाणी वाहून येतं. कर्व्ह नंबर ८० धरला तर १०० मिमीतून साधारण ५० मिमी वाहून येतं, जमीन कोरडी असेल तर तोच नंबर ६३ होतो आणि फक्त २२ मिमी येतं, चिंब असेल तर ९१ होतो आणि ७५ मिमी. म्हणजे त्याच पावसात ०.७ टीएमसी किंवा २.३६ टीएमसी. हे उत्तर थेट अंदाज म्हणून वापरू नका, मॉडेलला एक कॉलम म्हणून द्या, माझ्या मते फक्त डेटावर चालणाऱ्या मॉडेलपेक्षा अशी जोडगोळी भारी पडते.

मग मॉडेल. कॉलम असे: आजचा, कालचा, परवाचा पाऊस, सात दिवसांची बेरीज, १ जूनपासूनची बेरीज (कोयनेचं तांत्रिक वर्ष १ जूनलाच सुरू होतं, सोयीचं आहे), आजची आवक, कर्व्ह नंबरचा आकडा. उत्तर म्हणजे उद्याची आवक, तिचा लॉग (लॉगॅरिदम) घ्या. रँडम फॉरेस्ट किंवा एक्सजीबूस्ट (दोन्ही हो-नाही प्रश्नांची ‘झाडं’ बनवून अंदाज काढतात) लावा, संपलं. एलएसटीएमचा (क्रमाने येणाऱ्या आकड्यांसाठीच्या न्यूरल नेटवर्कचा) मोह होतोच, पण जून ते सप्टेंबर १२२ दिवस, वीस वर्षं म्हटलं तरी २,४४० ओळी, एका धरणाच्या एवढ्या डेटावर ते पाठांतर करतं. शेकडो खोऱ्यांचा डेटा एकत्र असेल तर त्याची खरी कमाल दिसते.

डेटा वाटताना ओळी पिसू नका. जुनी वर्षं शिकायला, शेवटची तीन-चार पूर्ण वर्षं परीक्षेला, मध्ये सरमिसळ केली की १४ तारीख ट्रेनिंगमध्ये आणि १५ परीक्षेत जाते आणि मार्क फुकटचे वाढतात. नॅश-सटक्लिफ स्कोअर (अंदाज खऱ्या आकड्याशी किती जुळतो ते सांगणारा, १ म्हणजे तंतोतंत) वर्षभराचा काढला तर ०.९ बघून हुरळून जायला होतं, पण उन्हाळ्यात शून्य आणि पावसाळ्यात भरपूर हे कोणीही सांगेल, म्हणून फक्त पावसाळ्याचा स्कोअर काढा आणि तो “उद्या आजच्याएवढीच आवक” या फुकटच्या अंदाजाशी ताडून बघा. त्याला हरवता येत नसेल तर मॉडेलचा उपयोग नाही.

झाडांवर चालणाऱ्या मॉडेलचा एक मोठा दोष, ट्रेनिंगमध्ये जो सर्वात मोठा आकडा बघितला त्याच्या वर ते जातच नाहीत. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिमी पडला, त्याआधीच्या डेटावर शिकलेलं मॉडेल तिथे वरच्या टोकाला चिकटून बसणार. अशा दिवशी कर्व्ह नंबरचा साधा हिशोब शेजारी ठेवा आणि दोन्हीत मोठा फरक पडला तर हिशोबाचं ऐका. एकच आकडा सांगण्यापेक्षा क्वांटाइल (दहापैकी नऊ वेळा आवक याच्या खाली राहील अशा मर्यादा) वापरून खालची-वरची रेंजही द्या.

तीन दिवस पुढचं बघायचं असेल तर पावसाचा अंदाज इनपुट लागतो, आणि तिथे ट्रेनिंगही जुन्या अंदाजांवरच करा, प्रत्यक्ष पडलेल्या पावसावर शिकवलं तर परीक्षेत मॉडेल हुशार दिसेल आणि जुलैत तोंडावर आपटेल.

रोजचा अंदाज तारखेसह लिहून ठेवा, खरा आकडा आला की शेजारी टाका. हे आकडे ग्रुपवर पूरइशारा म्हणून फॉरवर्ड करू नका, दरवाजे कधी किती उघडायचे ते जलसंपदा खातं ठरवतं आणि नदीकाठच्या लोकांनी त्यांचंच ऐकायचं. ३१ मेला वर्ष संपलं की ते परीक्षेच्या वर्षांत ठेवा, त्यातलं सगळ्यात जुनं वर्ष ट्रेनिंगमध्ये ढकला आणि १ जूनच्या आत मॉडेल पुन्हा शिकवून घ्या.