तीन विद्याशाखांना जोडणारे संशोधन कसे आखावे

रसायनशास्त्र, कार्यस्थळाचे मानसशास्त्र आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र यांना एकत्र आणणारे संशोधन हाती घेताना आधी प्रश्न निश्चित करावा. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञ आपल्या कामाकडे केवळ नोकरी म्हणून पाहतात की पाचारण म्हणून?

त्यानंतर शब्द तपासावेत, कारण घोटाळा बहुधा तिथेच होतो. ‘पाचारण’ हा शब्द मराठी बायबलमध्ये देवाच्या बोलावण्यासाठी येतो, जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १६व्या शतकात ही कल्पना दैनंदिन व्यवसायांपर्यंत नेली, तर मानसशास्त्रात ती प्रश्नावलीने मोजायची वृत्ती ठरते. ‘ताण’ हा शब्द तर त्याहून फसवा आहे: सायक्लोप्रोपेन या तीन कार्बन अणूंचे कडे असलेल्या संयुगात कार्बनच्या बंधांमधील कोन नेहमीच्या १०९.५ ऐवजी ६० अंशांचे असल्याने येणारा ताण ज्वलनाच्या उष्णतेवरून काढता येतो, पण कर्मचाऱ्याचा ताण बहुतांशी त्याच्याच सांगण्यावरून कळतो. या दोहोंची तुलना रूपक म्हणून शोभते. पुरावा म्हणून ती मांडू नये.

मुलाखतींपूर्वी लेखी संमती घ्यावी आणि धर्मशास्त्रीय अन्वयार्थ निष्कर्षांत न मिसळता चर्चेच्या प्रकरणात द्यावा. मार्गदर्शक किमान दोन शाखांचे असावेत. एकट्यावर हा भार टाकणे त्याच्यावरही अन्यायच आहे.