केमोच्या काळात सहलीची तारीख कशी ठरवावी

पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगावर केमो चालू आहे, दोघांनाही कुठेतरी जायची ओढ आहे, पण तारीख धरवत नाही. एक साधी वही इथे फार उपयोगी पडते.

केमो मिळाली तो पहिला दिवस धरा. तिथून पुढच्या डोसपर्यंत रोज रात्री एकच ओळ लिहा: झोप, भूक, थकवा, ताप. काय लिहायचं ते तिलाच सांगू द्या, आपण अंदाज बांधू नये. दोन-तीन डोसांत तिचे बरे दिवस कोणते ते दिसू लागतं. दर २१ दिवसांनी डोस असेल, तर त्या चक्रात रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण ७ ते १४ या दिवसांत सर्वांत कमी असतात, म्हणून बऱ्याच जणींना तिसरा आठवडा हलका जातो. छोटी सहल तिथे बसवा. मोठा प्रवास उपचारानंतरचा ठेवा, पण त्याची ठिकाणं सलाईन चालू असतानाच दोघांनी मिळून निवडा. ते तास सरता सरत नाहीत. बुकिंग रद्द करता येणारंच घ्या.

तारीख पक्की करण्याआधी डॉक्टरांना विचारा, विमानाने जाणार असाल तर रक्ताच्या गुठळ्यांच्या धोक्याबद्दलही. आणि ताप ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त दिसला, तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालयाला फोन करा.