घातांकी फलाचा आलेख चुकतोय? आधी डावीकडे बघा

पेपर तपासताना २^क्ष चा आलेख समोर आला की माझी नजर आधी य-अक्षाच्या डावीकडे जाते. (टोपीचं चिन्ह इथे घातासाठी वापरलंय, २^क्ष म्हणजे २ चा क्ष घात; यात २ हा पाया, क्ष हा घातांक, आणि घातांकात क्ष असलेलं फल ते घातांकी फल.) उजवीकडे बहुतेकांचं बरोबरच असतं. २, ४, ८ हे बिंदू कोणीही मांडतं, आणि वक्र झपझप वर चढलेला दिसतो. क्ष ऋण झाला की खरी पंचाईत सुरू होते.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे २^(−३) ची किंमत −८ लिहिणं. कोणी −६ सुद्धा लिहितं. मग आलेख अक्षाच्या खाली घसरतो, आणि २^० ला ० धरलं असेल तर तो आरंभबिंदूतून छान वळण घेत खाली उतरतो. दिसायला इतका नेटका की काढणाऱ्याला शंकाच येत नाही. इथे घातांकाचे नियम पुन्हा घोकत बसू नका, तक्ता उलटा वाचा. क्ष = ३ ला ८, २ ला ४, १ ला २. डावीकडे एक पाऊल टाकलं की किंमत निम्मी. तर मग ० ला १, −१ ला १/२, −२ ला १/४, −३ ला १/८. धन संख्या कितीदा निम्मी केली तरी ती ऋण होत नाही, शून्यही होत नाही. नियम ऐन वेळी आठवला नाही तरी हा तक्ता अर्ध्या मिनिटात उभा राहतो.

"पण कागदावर तर वक्र अक्षाला टेकलेला दिसतोय की!" हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो रास्त आहे. १ सेंमी = १ एकक असं प्रमाण घ्या. क्ष = −३ ला वक्राची उंची १/८ सेंमी, म्हणजे सव्वा मिलिमीटर; आलेख कागदावरच्या एका बारीक चौकोनाहून जेमतेम जास्त. −५ ला ती १/३२ सेंमी, साधारण ०.३ मिलिमीटर. ०.५ च्या लेडने ओढलेली रेघच याहून जाड असते. म्हणजे टेकते ती पेन्सिल, फल नाही. ज्या रेषेच्या वक्र असा जवळ जवळ जात राहतो ती त्याची अनंतस्पर्शी रेषा. वर्गात सगळे ॲसिम्प्टोटच म्हणतात. उत्तरपत्रिकेत बारीकशी फट ठेवा. आणि जवळ नेलेला वक्र पुन्हा वर वळवू नका. तसं केलं की तो क्ष² सारखा पॅराबोला दिसायला लागतो. २^क्ष आणि क्ष² यांची गल्लत होते त्याला एक कारणही आहे: क्ष = २ ला दोघांची किंमत ४, क्ष = ४ ला दोघांची १६. त्यांची फारकत ठळक दिसते ती −३ ला, एकीकडे १/८ आणि दुसरीकडे ९.

बिंदू पट्टीने जोडणारेही भेटतात. हा हाताने काढायचा वक्र आहे. २ आणि ३ च्या मधोमध, क्ष = २.५ ला, खरी किंमत सुमारे ५.६६ येते, पट्टी ६ दाखवते.

आलेख सरकवताना

य = २^क्ष − ३ काढायला सांगितलं की (०, १) हा बिंदू (०, −२) वर आणणं सगळ्यांना जमतं. डावं टोक मात्र सवयीने जुन्याच क्ष-अक्षाला चिकटवलं जातं. मग वक्र (०, −२) पासून डावीकडे वर चढतो, म्हणजे चढतं फल अर्ध्या वाटेत उतरतं झालं! वक्राबरोबर त्याची अनंतस्पर्शी रेषाही ३ एककं खाली येते. म्हणून आधी य = −३ ही तुटक रेषा ओढा, बिंदू त्यानंतर मांडा. हा आलेख क्ष = १.५८ च्या आसपास क्ष-अक्षाला छेदतो आणि तिथे पुष्कळ जण स्वतःचंच बरोबर उत्तर खोडतात, कारण "घातांकी आलेख अक्षाला छेदत नाही" हे वाक्य त्यांनी पाठ केलेलं असतं. ते पाठांतर सोडून द्या. न छेदण्याची अट अनंतस्पर्शी रेषेपुरती आहे, आणि या आलेखात ती रेषा क्ष-अक्ष नाही.

२^(क्ष − ३) मध्ये उणे बघून डावीकडे सरकवण्याचा मोह होतो. घातांक शून्य कधी होईल, एवढंच स्वतःला विचारा. क्ष = ३ ला. म्हणजे उंची १ असलेला बिंदू (३, १) वर गेला, वक्र उजवीकडे सरकला.

३ × २^क्ष ला ६^क्ष करणं ही आणखी एक जुनी खोड. क्ष = २ टाकून पाहा: १२ आणि ३६. घात फक्त २ ला आहे.

पाया १ पेक्षा लहान असेल तर

आता माझाच नियम थोडा बदलतो. (१/२)^क्ष मध्ये सपाट बाजू उजवीकडे जाते, तेव्हा तपासणीही उजवीकडे करायची. उतरतं फल दिसलं की ते शेवटी ऋण होणारच असं मुलं धरून चालतात. "दर टप्प्याला २० टक्के घट" अशा उदाहरणात हे हमखास होतं. १०० नंतर ८०, ६०, ४०, २०, ० असे बिंदू मांडले जातात आणि सरळ रेषा मिळते. घट दर वेळी उरलेल्याच्या २० टक्के आहे, म्हणून पाया ०.८ : १००, ८०, ६४, ५१.२, ४०.९६, ३२.७७. पाया ०.२ लिहिणारेही असतात. त्यांचा आलेख पहिल्याच टप्प्यात २० वर आदळतो.

पाया ऋण असेल तर आलेख काढायला बसूच नका. (−२)^क्ष मध्ये क्ष = १/२ घातलं की −२ चं वर्गमूळ लागतं, आणि वास्तव संख्यांत ते नाही; सलग वक्र तिथेच संपला. −२^क्ष ची गोष्ट वेगळी. तिथे आधी घात, मग उणे, म्हणजे २^क्ष चं क्ष-अक्षाखालचं प्रतिबिंब.

मोबाईलवर आलेख तपासत असाल तर कंसाकडे लक्ष द्या. काही ॲपमध्ये घाताचं चिन्ह दाबल्यावर पुढचं सगळं वर घातातच टाइप होत राहतं, बाण दाबून खाली उतरावं लागतं. त्यामुळे २^क्ष + १ चं नकळत २^(क्ष + १) होतं. क्ष = ० टाकून खात्री करायला जाल तर दोन्हीकडे २ च येईल, क्ष = ३ ला मात्र ९ आणि १६. किंवा काहीही न टाकता डावं टोक पाहा. एक वक्र य = १ या रेषेला लगटून जाईल, दुसरा क्ष-अक्षाला.