जुनी फेरोसिमेंट होडी समुद्रपार नेण्याआधी

1960 ते 1980 च्या दरम्यान न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात हौशी लोकांनी घरामागच्या अंगणात फेरोसिमेंटच्या शिडाच्या होड्या बांधल्या. न्यूझीलंडच्या रिचर्ड हार्टली यांच्या आराखड्यांवर बांधलेल्या होड्या अजूनही स्वस्तात विक्रीला येतात. कोकणातल्या पावसाच्या पाण्याच्या फेरोसिमेंट टाक्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे काम ओळखीचं वाटेल: पातळ सळया, जाळीचे अनेक थर आणि एकूण जेमतेम 20 ते 25 मिमी जाडी. पण बांधणारा गवंडी होता की शाळामास्तर, यावर सगळं ठरतं. एकाच आराखड्याच्या दोन होड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून केबिनमधलं चकचकीत सागवान बघून भाव ठरवू नका. हातोडी घेऊन जा.

ठोकून पाहणं

साधारण 200 ग्रॅमची गोल डोक्याची हातोडी घ्या आणि दर 10 सेंमीवर हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजलं की आत पोकळी आहे किंवा गंजामुळे थर सुटलाय. तिथे खडूने खूण करा. डेक आणि कवच जुळतं ती कड, कठड्याच्या खांबांची बुडं, चेनप्लेटची (डोलकाठीचे ताणदोर जिथे बांधतात त्या पट्टीची) जागा, पाण्याच्या टाकीखालचा भाग आणि बिल्ज (तळाचा पाणी साचतं तो खोलगट भाग) दोनदा तपासा. लोक खाऱ्या पाण्याला घाबरतात, पण डेकवरच्या लाकडी पट्टीखाली अडकून राहिलेलं पावसाचं पाणीही तितकंच खातं.

शंका येईल तिथे छोटा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं 1 टक्का अल्कोहोलमधलं द्रावण टाका. गुलाबी झालं तर सिमेंटची अल्कता शाबूत आहे. रंग आलाच नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ती संपवलीय आणि आतल्या पोलादाला संरक्षण उरलेलं नाही. गुलाबी रंगावर मात्र भाळू नका. मीठ आत शिरलं असेल तर अल्कता असूनही गंज चढतो. रंगातून ओघळलेला तांबूस डाग जास्त खरं सांगतो.

कीलचा (होडीखालच्या जड कण्याचा) तळ सलग मीटरभर बद्द वाजत असेल तर होडी फुकट मिळाली तरी सोडा. तिथे बहुधा भंगार लोखंड सिमेंटमध्ये ओतून वजन भरलेलं असतं, आणि आतल्या बाजूने हात पोहोचत नाही.

गंजलेला भाग बदलणं

छिन्नी-हातोडीने हळूहळू फोडा. मोठा ब्रेकर लावलात तर शेजारचा चांगला गिलावाही सुटेल. गंज संपून पोलाद चकचकीत दिसू लागल्यावरही चारही बाजूंनी 25 मिमी पुढे जा. इथेच आळस होतो आणि दोन वर्षांत ठिगळाच्या कडेने पुन्हा डाग फुटतो.

उघडं पोलाद ग्रिट ब्लास्टिंगने किंवा तारेच्या ब्रशने साफ करा. मग गोड्या पाण्याने धुवा, आणि एकदा नव्हे, तीन-चार दिवस. शेवटच्या धुण्याचं पाणी वाटीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. पाणी दुधाळ झालं तर मीठ अजून आहे. नळाचं पाणीही थोडं दुधाळ होतं, म्हणून शेजारी साध्या पाण्याची वाटी ठेवून तुलना करा.

सळई अर्ध्याहून जास्त खाल्ली गेली असेल तर कापून नवी घाला. जुनी-नवी सळई एकमेकींवर चढते तो जोड व्यासाच्या 40 पट ठेवा, म्हणजे 6 मिमी सळईला 240 मिमी. जाळीचे थर किमान 50 मिमी एकमेकांवर चढवून तारेने बांधा. वेल्डिंग करू नका. उष्णतेने भोवतालचा गिलावा तडकतो.

1 चौरस मीटर, 25 मिमी जाडीच्या ठिगळाला साधारण 16 किलो सिमेंट, 32 किलो धुतलेली, चाळलेली वाळू आणि 6.5 लिटर पाणी लागतं. माल कोरडा वाटतो म्हणून पाणी वाढवायचा मोह होईल, टाळा. कडांना इपॉक्सी बाँडिंगचा हात द्या आणि तो चिकट असतानाच माल दाबा. आतून फळी लावून बाहेरून थापीने असा दाबा की जाळीच्या मागे हवा राहणार नाही. जाळीवर 3 मिमीपेक्षा फार जास्त थर नको, नाहीतर तो तडकेल. मग ओलं गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिक टाका आणि 14 दिवस पाणी मारा. 28 दिवस जमले तर उत्तम. तळहाताएवढ्या किंवा त्याहून लहान खड्ड्याला इपॉक्सी मॉर्टर पुरतं.

भोकं आणि धातू

पितळी सीकॉक (कवचातून पाणी आत-बाहेर नेणारी झडप) किंवा स्टेनलेसचा बोल्ट आतल्या जाळीला टेकला की जाळी झिजू लागते. 12 मिमी बोल्टसाठी 20 मिमी भोक पाडा, ते इपॉक्सीने भरा आणि घट्ट झाल्यावर मधोमध 12 मिमी ड्रिल मारा. होडी कोरडी असताना मल्टिमीटरने बोल्ट आणि उघडी जाळी यांच्यात जोड दाखवत नाही ना, ते पाहा. बॅटरीचं अर्थिंग जाळीला कधीच देऊ नका.

रंग

1 मीटर चौरस प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव दिसलं तर रंग थांबवा. पहिले दोन हात पातळ केलेल्या इपॉक्सीचे, पुढचे तीन-चार जाड इपॉक्सीचे. साधा तेलरंग सिमेंटच्या अल्कतेने साबणासारखा होऊन सुटतो. पॉलिएस्टर फायबरग्लासचं आवरणही टिकत नाही आणि आतला गंज झाकतं.

महासागरासाठी बदल

आधी वजनाचा हिशेब करा. 60 चौरस मीटर कवचावर गिलावा 10 मिमी जास्त बसलेला असेल तर सव्वा टनाहून अधिक ओझं होडी आधीच वाहतेय. त्यामुळे वर काही वाढवण्याआधी काहीतरी काढा. जड लाकडी डोलकाठीऐवजी अ‍ॅल्युमिनियमची बसवणं बहुधा फायद्याचं ठरतं. फेरोसिमेंट टोकदार धक्क्याला कमजोर असतं, म्हणून नाळीपासून (पुढच्या टोकापासून) मीटरभर मागे जलरोधक भिंत घाला. प्लायवूड थेट कवचाला भिडवू नका. मध्ये फोमची पट्टी ठेवून इपॉक्सी आणि काचकापडाने जोडा, म्हणजे कवच त्या एका रेषेवर तडकणार नाही. कॉकपिटला 50 मिमीचे दोन निचरा-पाइप हवेत.

धक्का बसला तरी जाळी तुकडे धरून ठेवते, त्यामुळे पाणी धो-धो न शिरता झिरपतं. त्यासाठी 5 किलो झटपट घट्ट होणारं सिमेंट, पाण्याखाली चालणारी इपॉक्सी पुटी आणि प्लायवूडचे तुकडे एका हवाबंद डब्यात ठेवा. तो डबा बिल्जच्या तळाशी नको. पाणी शिरलं की पहिल्यांदा तिथेच हात पोहोचत नाही.