व्हिडिओवर हाडं तपासायची तर आधी फोन धरणाऱ्याला हाताशी धरा

२५ मार्च २०२० रोजी देशभर लॉकडाऊन सुरू झाला आणि त्याच तारखेला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याच्या, मार्गदर्शक सूचना आल्या. तोवर फोनवर औषध सांगायला आम्ही डॉक्टर कचरायचो. फोनवर औषध सांगितलेली पेशंट दगावल्याच्या रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हापासून तर जास्तच. सूचनांमुळे कायद्याची भीती बरीच उतरली. पण हात न लावता सांधा तपासायचा कसा, हे काही त्या कागदात नव्हतं.

मी सातारा जिल्ह्यात हाडांची प्रॅक्टिस करतो. पाटण-जावळीचे माथाडी मुंबईहून गावी परतले होते. त्यांच्या कंबरा, घरातल्या म्हाताऱ्यांचे गुडघे, पोरांची मोडलेली मनगटं, सगळं फोनवर आलं. व्हिडिओ ओपीडी सुरू करू पाहणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंसाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी, नुसत्या आवाजावर विसंबू नका. एप्रिलमध्ये एका नातवाचा फोन आला, "आजी घसरल्यात, गुडघा लई दुखतोय म्हणत्यात, पण सूज न्हाई." मी पॅरासिटामॉल, बर्फ आणि विश्रांती सांगितली. तिसऱ्या दिवशीही आजी उठेनात, तेव्हा व्हिडिओ लावला. आजी बाजेवर उताण्या होत्या. नातवाला पायांच्या बाजूने फोन धरायला सांगितला. दोन्ही टाचा एका ओळीत नव्हत्या. उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेर कलंडून बाजेला टेकलं होतं. खुब्याजवळ हाड मोडलं की दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं, हे मला ठाऊक होतं. मी बघितलं नव्हतं, एवढंच. आजींच्या खुब्याचा बॉल बदलला, त्या चालल्याही, पण त्यांनी विनाकारण सोसलेले ते तीन दिवस माझ्या मनातून जात नाहीत. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या टाचा बघितल्याशिवाय मी आता फोन ठेवत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, "फोन कोणी धरलाय?" तो माणूस म्हणजे तुमचे हात. त्याचं नाव विचारा आणि नावानेच बोला. खिडकी किंवा दार पेशंटच्या मागे नको, समोर हवं. मागचा कॅमेरा लावायचा, फोन आडवा धरायचा आणि सहा-सात फुटांवर जमिनीवर बसायचं, म्हणजे कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला येतो. उभ्याने वरून दाखवलेला गुडघा वाकलाय की सरळ आहे, हे कळतच नाही. कपडा दोन्ही गुडघ्यांच्या वर सरकवायला सांगा, कारण दुखरी बाजू चांगल्या बाजूशी ताडूनच कळते. बाईमाणूस असेल तर फोन सून किंवा लेक धरेल का, हे आपणहून विचारा. त्या संकोचाने बोलत नाहीत.

गुडघा असेल तर पाय लांब करून बसवा आणि गुडघ्याखालून हात सरकवायला सांगा. हात सहज जात असेल आणि दुसऱ्या पायाखाली जात नसेल, तर पाय पुरता सरळ होत नाही. मग टाच सरकवत कुल्ल्याकडे आणायची आणि मधल्या अंतरात किती मुठी बसतात ते मोजायचं. हे माप केसपेपरवर लिहा. सांधा बदललेल्या पेशंटची दर आठवड्याची प्रगती मला या मुठींवरूनच कळायची. कंबर असेल तर टाचांवर आणि मग चवड्यांवर चालवा, शेजारी कोणी आधाराला हवं. घोटा मुरगळला असेल तर चार पावलं टाकायला सांगा. ती जमत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे हवाच. हाताच्या नसांसाठी अंगठा वर करणं, अंगठा नि तर्जनीचा गोल करणं आणि बोटं फाकवणं या तीन खुणा पुरतात.

रेंज तुटत असेल तर थेट कॉलचा हट्ट नको. कोयनेच्या खोऱ्यातली मंडळी चालतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढायची आणि टेकाडावर जाऊन पाठवायची. तुटक कॉलपेक्षा त्यात चाल कितीतरी नीट दिसायची. एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरून, फ्लॅश बंद करून फोटो काढायचा. फिल्मवरचं नाव आणि डावं-उजवं चिन्ह त्यात यायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर बारीक चीर पुसली जाते.

कागदपत्रांचं थोडक्यात. पेशंटने स्वतः फोन केला तर संमती गृहीत धरता येते. आपण लावला तर त्याच्या तोंडून होकार घेऊन तशी नोंद करा. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा, प्रत जपून ठेवायची. लहान मुलासोबत मोठं माणूस हवंच. आणि ट्रामाडॉल हे वेदनाशामक फोनवर लिहायचं नाही. ते २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्यात आहे.

काही पेशंटना मात्र व्हिडिओवर ठेवूच नका. कंबरदुखीसोबत लघवी अडकली किंवा बसायची जागा बधिर झाली, जखमेतून पाणी आणि ताप, एका पोटरीला अचानक सूज, ताप असलेलं मूल हातपाय हलवत नाही, यांना ताबडतोब बोलवा. प्लास्टरवाल्यांचं तर विशेष. एका आईने सांगितलं, "काल प्लास्टर घातलंय, औषध देऊनबी रडं थांबंना." बोटं सुजलेली, पण नखं गुलाबी होती. गुलाबी नखांवर निर्धास्त होऊ नका. मी तिला पोराची बोटं हळूच सरळ करायला लावली आणि तो किंचाळला, म्हणजे प्लास्टर आत आवळत असल्याची शंका आली. गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन करून प्लास्टर आणि आतला कापूस पार कातडीपर्यंत उभा चिरायला सांगितला आणि पोराला लगेच बोलावून घेतलं. ते येईपर्यंत मी दवाखान्याच्या दारातच उभा होतो. गाडीतून उतरवलं तेव्हा त्याने बोटं स्वतःहून हलवून दाखवली.

फोन ठेवण्यापूर्वी धोक्याच्या खुणा तुम्ही सांगा आणि फोन धरणाऱ्याकडून परत वदवून घ्या. त्याला "व्हय, व्हय" म्हणू देऊ नका, एकेक खूण त्याच्या शब्दांत ऐका. एखादी राहिली तर पुन्हा सांगा आणि पुन्हा विचारा. मगच पुढचा फोन घ्या.