मेकॅनिकलची पदवी आणि चाकण-भोसरीतली पहिली नोकरी

निकाल लागला की गावात जो भेटेल तो एकच विचारतो, 'मग, कुठे लागलास?' कॉलेजात आलेल्या कंपन्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या होत्या. मला कारखान्यातच काम करायचं होतं, म्हणून परभणीहून पुण्याला आलो आणि पिंपरीत कॉट बेसिसवर राहिलो.

एमआयडीसीत फिरताना कळतं, की बायोडाटा गेटवरच्या सिक्युरिटीकडे राहतो, पुढे जातो की नाही ते कुणी सांगत नाही. आत गेलंच तर प्रश्न ठरलेला: अनुभव किती? नुकत्याच पास झालेल्या मुलाने याला काय उत्तर द्यायचं? हा प्रश्न माणसाला आतून पोखरतो. त्यावर मला सापडलेली सगळ्यात खरी वाट अॅप्रेंटिसशिपची.

1961 च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली पदवीधर आणि डिप्लोमाधारकांना एक वर्षाचं प्रशिक्षण मिळतं. नोंदणी नॅट्सच्या, म्हणजे राष्ट्रीय अॅप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेच्या सरकारी पोर्टलवर होते. 2019 च्या नियमांत पदवीधरासाठी महिना किमान 9,000 आणि डिप्लोमासाठी 8,000 रुपये विद्यावेतन ठरलं. किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं, त्यामुळे कंपन्याही मुलं घेतात. एवढ्यात पुण्यात खोली आणि मेस भागवणं जड जातं, घरून थोडी मदत लागते. म्हणून कंपनीची बस आणि कँटीन आहे का, हे आधी विचारा. वर्ष संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. तरी प्रमाणपत्र हातात असलं की 'अनुभव किती' याला उत्तर असतं. आणि हे आधीच करा, कारण वर्षभर दुसरीकडे नोकरी झाली की या योजनेतून सहसा घेत नाहीत.

मुलाखतीला थर्मोडायनॅमिक्सची समीकरणं पाठ करून जाणारी मुलं मी पाहिली. क्वालिटी किंवा प्रॉडक्शनचा इंजिनिअर ती क्वचितच विचारतो. तो ड्रॉइंग पुढे सरकवतो आणि बोट ठेवून विचारतो, हे माप कशाने घेशील? नेहमीच्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिमी, मायक्रोमीटरचा 0.01 मिमी. मग टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती आहे ते बघून साधन का निवडलं, हे सांगता आलं पाहिजे. ड्रॉइंगवर एच7/जी6 लिहिलंय म्हणजे क्लिअरन्स फिट, शाफ्ट (दांडा) बोअरमध्ये (भोकात) मोकळा फिरेल. 5 एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत), सात क्यूसी टूल्स (दर्जा तपासायची सात साधनं), पोका-योके (चूक होऊच नये अशी रचना) यांची नावं सगळेच सांगतात; उदाहरण सांगणारा उठून दिसतो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जो जॉब स्वतःच्या हाताने केला असेल, त्याची गोष्ट तयार ठेवा.

पत्र मिळालं की सहीआधी बघा, लेटरहेड कंपनीचं आहे की कंत्राटदाराचं. कंत्राटदाराचं असलं तर नाकाराच असं नाही, पण पीएफ कापणार का, यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) मिळणार का, हे स्पष्ट विचारून घ्या. अॅप्रेंटिस म्हणून घेत असतील तर करार पोर्टलवर नोंदवलेला हवा. नुसत्या 'ट्रेनी' शब्दावर विसंबू नका. आणि रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म किंवा डिपॉझिटच्या नावाखाली कुणी पैसे मागितले, तर तिथून सरळ बाहेर पडा. वडिलांनी उसने काढलेले पैसे असे गेलेली मुलं माझ्याच खोलीत होती.

पिंपरी-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. बाहेरगावाहून येणार असाल तर तो दिवस टाळा.